एका टनाचा भाव



अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २०१३च्या जूनमध्ये मायक्रोवेव्ह ओव्हनसाठी एक नियम काढला. ओव्हनमध्ये काही शिजत नसताना, तो नुसता प्लगला लावून ठेवलेला असताना, पुढच्या पट्टीवरचं घड्याळ चालू ठेवायला त्याने किती वीज खावी, हा त्या नियमाचा विषय. ओट्यावर ठेवायच्या साध्या ओव्हनला जास्तीत जास्त एक वॉट, असं ठरलं. असल्या नियमाची एरवी बातमी होत नाही. याची झाली, कारण त्याच्या हिशेबातला एक आकडा गुपचूप बदललेला होता. हवेत सोडलेल्या एक टन कार्बन डायऑक्साइडमुळे जगाचं किती डॉलरचं नुकसान होतं, तो हा आकडा. २०१५ सालच्या एका टनासाठी आधी तो २४ डॉलर धरला जाई; आता तो ३८ झाला होता. (काही महिन्यांनी हिशेब दुरुस्त होऊन ३७.) विरोधकांनी आरडाओरडा केला आणि लवकरच प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे सुनावणी लागली.

ओव्हनवरच्या घड्याळापायी एवढी धांदल उडायला कारण आहे. रोनाल्ड रेगन यांनी १९८१ साली काढलेल्या आदेशापासून अमेरिकेत मोठा नियम करायचा तर त्याचा फायदा खर्चाहून जास्त आहे, हे त्या खात्याला कागदावर दाखवावं लागतं. कारखानदाराचा खर्च किती वाढणार हे सहज कळतं. तो स्वतःच ओरडून सांगतो. फायद्याच्या बाजूला मात्र वाचलेल्या टनांना भाव लावल्याशिवाय काहीच लिहिता येत नाही. रकाना रिकामा राहतो आणि रिकाम्या रकान्याची बेरीज शून्य येते. मोटारी, फ्रिज, वीजकेंद्रं, तेलविहिरी या सगळ्यांच्या नियमांमागे म्हणूनच २०२५पर्यंत हा एक आकडा दबा धरून बसलेला असे. अर्थशास्त्रज्ञ त्याला कार्बनची सामाजिक किंमत म्हणतात. तो काढतात कसा, त्यात कुणाचं नुकसान धरलं जातं आणि कुणाचं वगळलं जातं, आणि भारताने तो स्वतःसाठी का काढायला हवा, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय.

या आकड्याला सरकारदरबारी जागा मिळाली ती कोर्टामुळे. पिकअप आणि जीपसारख्या गाड्यांनी एका गॅलनमध्ये किती मैल गेलं पाहिजे, याचा नियम अमेरिकेच्या वाहतूक खात्याने केला होता. वाचणाऱ्या कार्बनची किंमत त्यात धरलीच नव्हती. अंदाज इतके वेगवेगळे आहेत की कोणताच धरता येत नाही, हा खात्याचा बचाव. २००७च्या नोव्हेंबरात नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. अंदाजांत तफावत आहे हे मान्य, पण किंमत शून्य नाही एवढं तर नक्की, असं न्यायाधीशांनी सुनावलं. या युक्तिवादाला आजवर कुणी धड उत्तर दिलेलं नाही. माहीत नाही म्हणून काहीच न धरणं हासुद्धा एक अंदाजच असतो, आणि उपलब्ध अंदाजांपैकी सगळ्यात वाईट.

पुढे ओबामांच्या कारकिर्दीत कायद्याचे प्राध्यापक कॅस सनस्टीन आणि अर्थशास्त्रज्ञ मायकेल ग्रीनस्टोन यांच्या पुढाकाराने निरनिराळ्या खात्यांचा एक गट बसला. २०१०च्या फेब्रुवारीत त्याने मधला आकडा दिला: टनामागे २१ डॉलर. तीन संगणकीय प्रारूपं चालवून, त्यांना सारखं वजन देऊन, सरासरी काढलेली होती. येल विद्यापीठाच्या विल्यम नॉर्डहाऊस यांचं 'डाइस', केंब्रिजच्या ख्रिस होप यांचं 'पेज' आणि रिचर्ड टोल यांचं 'फंड'. जगातल्या सर्वात श्रीमंत सरकारने हवामानाचं गणित तीन प्राध्यापकांच्या तीन प्रारूपांवर सोडलं, ही गोष्ट आज थोडी चमत्कारिक वाटते. पण दुसरं काही हाताशी नव्हतं.

प्रारूपाचं काम कसं चालतं, ते नॉर्डहाऊस यांच्याच उदाहरणावरून पाहू. १९७५च्या सुमारास ते व्हिएन्नाजवळच्या लाक्सेनबुर्गला, एका जुन्या राजवाड्यात थाटलेल्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत होते. कार्बन डायऑक्साइड आवरता येईल का, असा सरळ प्रश्न शीर्षकात विचारणारा निबंध त्यांनी तिथे लिहिला. तेव्हा हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. तापमानवाढीची दोन अंशांची मर्यादा आज सगळ्यांच्या तोंडी आहे. तीही प्रथम त्यांच्याच त्या काळच्या लेखनात आली असं मानतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी 'डाइस' बांधलं. अर्थव्यवस्था वाढते, तिच्यातून कार्बन निघतो, कार्बनने तापमान चढतं, तापमानाने उत्पन्न घटतं आणि घटलेलं उत्पन्न पुन्हा अर्थव्यवस्थेत येतं, असं हे चक्र. टनाचा भाव काढायचा तर हे चक्र दोनदा फिरवायचं. एकदा आहे तसं, आणि एकदा ठरावीक वर्षी हवेत थोडा जास्तीचा कार्बन सोडून. मग पुढच्या दोन-तीनशे वर्षांत दोन्ही जगांच्या उत्पन्नात जो फरक पडेल तो वर्षावर्षाने मांडायचा, आजच्या भावात आणायचा आणि जास्तीच्या टनांनी भागायचा.

कल्पना देखणी आहे. अडचण आहे ती चक्रातल्या एका सांध्यात, तापमानाने उत्पन्न किती घटतं या सूत्रात. 'डाइस'च्या २०१६च्या आवृत्तीत हे सूत्र एका ओळीत मावतं: तापमानवाढीचा वर्ग करा, त्याला ०.२३६ टक्क्यांनी गुणा. तीन अंश वाढ झाली तर जगाचं उत्पन्न सुमारे दोन टक्क्यांनी कमी. सहा अंश वाढ झाली तर साडेआठ टक्क्यांनी. आता गेल्या हिमयुगाच्या ऐन भरात पृथ्वी औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या मानाने सुमारे पाच-सहा अंशच थंड होती आणि उत्तर अमेरिकेच्या डोक्यावर बर्फाची किलोमीटरभराहून जाड चादर होती. तेवढाच पल्ला उलट दिशेने मारला तर नुकसान साडेआठ टक्के! म्हणजे आजच्या वाढीच्या वेगाने दोन-तीन वर्षांत भरून निघेल एवढंच.

हे आलं कुठून? १९९१ साली लिहिलेल्या एका निबंधात नॉर्डहाऊस यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाची फोड केली होती. हवामानावर थेट अवलंबून असलेले व्यवसाय, मुख्यतः शेती आणि जंगल, तीन टक्के. मध्यम अवलंबून असलेले दहा टक्के. उरलेल्या सत्याऐंशी टक्क्यांवर हवामानाचा नगण्य परिणाम, कारण ते काम छपराखाली चालतं. बँका, कारखाने, दवाखाने, दुकानं. शेतीचा वाटा तीन टक्के असेल तर ती सगळी बुडाली तरी तीन टक्केच जातील, अशी ही मांडणी. बुडालेल्या तीन टक्क्यांनंतर उरलेले सत्त्याण्णव टक्के लोक जेवतील काय, हा प्रश्न त्या फोडीत बसत नाही. आणि जिथे जवळजवळ निम्मे कामकरी शेतीत आहेत त्या भारतात ती फोड जशीच्या तशी आणायची म्हटली तर हसू येईल.

छपराखालीही सगळं आलबेल नसतं, हे दाखवायला आपल्याकडचंच संशोधन आहे. ई. सोमनाथन, रोहिणी सोमनाथन, अनंत सुदर्शन आणि मीनू तिवारी यांनी भारतातल्या कारखान्यांच्या आकडेवारीवरून केलेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. कापड विणणं, कपडे शिवणं, पोलाद अशी ठिकाणं त्यांनी जवळून पाहिली. विणकामाचे कारखाने सुरतेचे होते. निष्कर्ष असा की वर्षाचं तापमान एका अंशाने चढलं की कारखान्याचं उत्पादन दोन टक्क्यांच्या आसपास उतरतं. गरम दिवशी हात मंदावतात, आणि उकाड्याचे दिवस लांबले की माणसं कामावरच येत नाहीत. शेडमध्ये गारवा केला तर हात पुन्हा चालतात, पण गैरहजेरी तेवढ्याने सुटत नाही, कारण कामगार रात्री ज्या खोलीत झोपतो तिथे गारवा नसतो. सुरतेच्या जागी भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजी म्हटलं तरी शेड तीच, पत्रा तोच आणि मीटरवर मोजली जाणारी मजुरीही तीच. मे महिन्यात माग कमी चालला तर तोटा आधी मजुराच्या आठवड्याच्या हिशेबात दिसतो, मालकाच्या वहीत नंतर.

स्टॅनफर्ड आणि बर्कलेच्या मार्शल बर्क, सॉलोमन शिआंग आणि एडवर्ड मिगेल यांनी २०१५ साली जगभरच्या देशांची पन्नास वर्षांची आकडेवारी तपासून सांगितलं की वार्षिक सरासरी तापमान १३ अंशांच्या जवळपास असेल तिथे अर्थव्यवस्था सर्वात चांगली चालते. त्याच्या वर जो जितका आहे त्याला पुढचा प्रत्येक अंश तितका महाग पडतो. आपण कुठे बसतो हे नागपूरकराला सांगायला नको.

आता पुढचं नुकसान आजच्या भावात आणण्याच्या दराकडे, म्हणजे वटावाकडे वळू, कारण अर्ध्याहून जास्त भांडण तिथे आहे. सराफाकडे सहा महिन्यांनी पिकणारी हुंडी आज नेली तर तो वटाव कापून पैसे देतो. हवामानाची हुंडी शंभर, दोनशे वर्षांनी पिकणारी आहे. २१२५ साली होणारं शंभर कोटी रुपयांचं नुकसान आज केवढ्याचं धरायचं? वर्षाला सात टक्के वटाव लावला तर साडेअकरा लाखांचं. तीन टक्के लावला तर पाच कोटी वीस लाखांचं. दोन टक्क्यांनी पावणेचौदा कोटी, १.४ टक्क्यांनी जवळजवळ पंचवीस कोटी. हवामानशास्त्रातला एकही शब्द न बदलता, नुसत्या या एका टक्केवारीने त्याच नुकसानीचा आजचा भाव दोनशेपटीने इकडचा तिकडे होतो.

वटावाचा प्रश्न प्रथम नीट मांडला तो फ्रँक रॅम्झी या केंब्रिजच्या तरुण गणितज्ञाने, १९२८ साली, देशाने किती बचत करावी या विषयावरच्या निबंधात. उद्याचं सुख केवळ उद्याचं आहे म्हणून कमी लेखणं नीतीला धरून नाही आणि ते कल्पनाशक्तीच्या दुबळेपणातून येतं, असं त्याचं मत होतं. दोन वर्षांत तो वारला, अवघ्या सव्विसाव्या वर्षी. वटावाची चर्चा मात्र आजही त्याच्याच सूत्राभोवती फिरते. त्यात दोन गोष्टी वेगळ्या होतात. पुढची पिढी आपल्याहून श्रीमंत असेल म्हणून तिच्या रुपयाला कमी वजन द्यायचं, ही एक. आणि ती निव्वळ पुढची आहे म्हणून कमी वजन द्यायचं, ही दुसरी. पहिलीत हिशेब आहे. दुसरीत फक्त आप्पलपोटेपणा आहे.

२००६ साली ब्रिटिश सरकारसाठी निकोलस स्टर्न यांनी अहवाल लिहिला तेव्हा ही दुसरी गोष्ट त्यांनी जवळजवळ शून्यावर आणली, वर्षाला ०.१ टक्का. तेवढीही ठेवली ती मानवजातच नष्ट होण्याच्या शक्यतेपोटी. त्यांचा एकूण वटाव १.४ टक्क्यांच्या घरात गेला आणि टनाचा भाव आला ८५ डॉलर. नॉर्डहाऊस यांनी आक्षेप घेतला तो असा की बाजारात माणसं असा व्यवहार करत नाहीत. भांडवलावर जो परतावा प्रत्यक्षात मिळतो तोच दर धरला पाहिजे. त्या दराने त्यांचा स्वतःचा आकडा बरीच वर्षं फार खाली राहिला. २०१७ साली त्यांनी तो ३१ डॉलर दिला.

नॉर्डहाऊस यांची बाजू खोडून काढावी इतकी पोकळ नाही. शाळा, लसी, सिंचन यांवर आज घातलेला पैसाही पुढच्या पिढीच्याच कामी येतो आणि तो जास्त परतावा देत असेल तर आधी तिकडे जावा, हे गरीब देशाला पटण्यासारखं आहे. पण बाजारातला व्याजदर हा आज बाजारात असलेल्यांचा असतो. २१२५चा माणूस त्या बाजारात बोली लावायला येऊ शकत नाही. हार्वर्डच्या मार्टिन वाइट्झमन यांनी एकदा दोन हजारांहून जास्त अर्थशास्त्रज्ञांना नुसतं विचारलं, की हवामानासारख्या प्रश्नाला वटाव किती लावावा. सरासरी चार टक्क्यांच्या आसपास आली. पण उत्तरं इतकी पसरलेली होती की त्यांनी त्या पसरण्यालाच महत्त्व दिलं. दराबद्दल खात्री नसेल तर दूरच्या भविष्यासाठी कमी दरच वापरावा लागतो, हे त्यांनी गणिताने दाखवलं. नंतर त्यांनी आणखी अवघड मुद्दा काढला. सहा अंशांची वाढ होण्याची शक्यता लहान असेल, पण तिचा परिणाम इतका प्रचंड असेल की सगळा हिशेब तीच एक शक्यता गिळून टाकेल. अशा वेळी सरासरी काढणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला नदीची सरासरी खोली सांगणं.

२०१८चं अर्थशास्त्राचं नोबेल नॉर्डहाऊस यांना, पॉल रोमर यांच्याबरोबर, जाहीर झालं ते ८ ऑक्टोबरला. त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक शास्त्रज्ञ मंडळाचा अहवाल प्रसिद्ध झाला: वाढ दीड अंशांवर थांबवली पाहिजे आणि त्यासाठी वेळ फार थोडा आहे. नॉर्डहाऊस यांचं प्रारूप ज्याला सर्वात फायदेशीर मार्ग म्हणत होतं तो शतकाअखेर साडेतीन अंशांच्या आसपास जात होता. एका दिवसाच्या वर्तमानपत्रात दोन्ही बातम्या शेजारी शेजारी छापून आल्या. 'डाइस'च्या अलीकडच्या आवृत्तीने, लिंट बॅराज यांच्यासोबत, आकडा ६६ डॉलरवर नेला आहे.

टनाचा भाव ठरवताना सीमा कुठे आखायची, हा पुढचा प्रश्न. कार्बनला पासपोर्ट लागत नाही. ओहायोत निघालेला टन लातूरच्या हवेतही तेवढाच मिसळतो. म्हणून २०१०च्या गटाने साऱ्या जगाचं नुकसान धरलं. २०१७च्या मार्चमध्ये ट्रम्प यांनी तो गट बरखास्त केला आणि फक्त अमेरिकेच्या हद्दीतलं नुकसान धरण्याचा पायंडा पाडला. वटावही सात टक्क्यांपर्यंत नेला. आकडा एक ते सात डॉलरच्या पट्ट्यात कोसळला. बायडन आले तेव्हा तो ५१ झाला. २०२३च्या अखेरीस तिथल्या पर्यावरण संस्थेने जुनी तिन्ही प्रारूपं बाजूला ठेवून, वटाव दोन टक्के धरून, १९० डॉलर जाहीर केला. २०२५च्या जानेवारीत ट्रम्प यांनी नव्या आदेशाने पुन्हा सगळं मोडीत काढलं. मे महिन्यात खात्यांना सूचना गेली की कायद्याने भागच पाडलं नाही तर हा आकडा वापरू नका. पंधरा वर्षांत २१, ३७, १ ते ७, ५१, १९० आणि शेवटी काहीच नाही. पृथ्वीच्या वातावरणात या काळात एवढ्या उलथापालथी झालेल्या नाहीत.

जर्मनीच्या पर्यावरण संस्थेने दुसरीच वाट धरली. गरीब माणसाचे गेलेले शंभर युरो आणि श्रीमंताचे गेलेले शंभर युरो सारखे नाहीत, म्हणून गरिबाच्या नुकसानीला जास्त वजन, हे तत्त्व तिने हिशेबात घातलं. पुढच्या पिढीला थोडं कमी लेखलं तर २०२० सालच्या एका टनाला १९५ युरो, अजिबात कमी लेखलं नाही तर ६८०, असे दोन आकडे शेजारी शेजारी छापले. हा प्रामाणिकपणा कौतुकास्पद आहे. निवड कोणती, हे वाचणाऱ्याला दिसतं.

हे वजनाचं प्रकरण भारताला नवं नाही. नव्वदच्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या त्याच शास्त्रज्ञ मंडळाचा दुसरा अहवाल तयार होत होता. हवामानबदलाने जगाचं किती नुकसान होईल याच्या प्रकरणात माणसांच्या मृत्यूलाही किंमत लावलेली होती. श्रीमंत देशातल्या एका जिवाला सुमारे १५ लाख डॉलर, गरीब देशातल्या जिवाला त्याच्या दहाव्या हिश्शाएवढे. तर्क असा की जीव वाचवण्यासाठी माणूस किती पैसे मोजायला तयार आहे त्यावरून किंमत ठरते, आणि गरिबाकडे पैसेच कमी. १९९५ साली, बर्लिनच्या पहिल्या हवामान परिषदेच्या वेळी, तेव्हाचे पर्यावरणमंत्री कमलनाथ यांनी इतर देशांच्या शिष्टमंडळांना पत्र लिहून हा हिशेब साफ नाकारला. लंडनमध्ये हवामानविषयक कार्यकर्ते ऑब्री मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याविरुद्ध मोठी आघाडी उघडली. मंडळाच्या सारांशाची भाषा बदलावी लागली. अर्थशास्त्रज्ञांपैकी काहींना हा राजकारण्यांचा हस्तक्षेप वाटला. प्रस्तुत वक्त्याला तसं वाटत नाही. जो मरणार आहे त्याच्या प्रतिनिधीने आपल्या जिवाच्या भावाबद्दल बोलायचं नाही, तर मग कुणी बोलायचं?

आणि मरणार कोण, नुकसान कुणाचं, याचा देशवार हिशेबही झालेला आहे. कॅलिफोर्नियाच्या कॅथरीन रिकी आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली जगाचा भाव देशांमध्ये वाटून दाखवला. कुठल्याही देशात निघालेल्या एका टनाने भारताचं नुकसान सुमारे ८६ डॉलरचं, अमेरिकेचं ४८ आणि सौदी अरेबियाचं ४७. यादीत पहिला नंबर आपला. अंदाजाची व्याप्ती मोठी आहे, भारतासाठी ४९पासून १५७पर्यंत, हेही त्याच निबंधात आहे. तरीही वरच्या टोकाशी कोण बसलं आहे याबद्दल फारसा संशय उरत नाही.

इथे थोडं थांबून आकड्यांवर किती विसंबावं तेही पाहिलं पाहिजे, कारण या क्षेत्रात ठेच लागलेले कमी नाहीत. रिचर्ड टोल यांचा २००९ सालचा एक बहुचर्चित निबंध होता. निरनिराळ्या अभ्यासांचे निष्कर्ष एका आलेखात मांडून थोडी तापमानवाढ फायद्याची ठरते असं त्यात दिसत होतं. २०१४ साली त्या नियतकालिकाने दुरुस्ती छापली. काही आकड्यांची उणे चिन्हं वाटेत गळून पडली होती.

त्याहून मोठा प्रकार परवाचा. पॉट्सडॅमच्या संशोधन संस्थेतल्या तिघांचा निबंध २०२४च्या एप्रिलमध्ये 'नेचर'मध्ये आला: आजवर सोडलेल्या कार्बनमुळेच पुढच्या पंचवीस-सव्वीस वर्षांत जगाचं उत्पन्न १९ टक्क्यांनी घटणं ठरून गेलेलं आहे. जगभर मथळे झाले. मध्यवर्ती बँकांच्या हवामानविषयक जाळ्याने, ज्याची आपली रिझर्व्ह बँकही सभासद आहे, आपल्या अंदाजांत हे सूत्र घेतलं. मग २०२५मध्ये दुसऱ्या संशोधकांनी आकडेवारी उघडून पाहिली. गडबड उझबेकिस्तानची होती. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातले तिथले उत्पन्नाचे आकडे विचित्र होते, आणि एवढा एक देश वगळला तर २१००पर्यंतची घट ६२ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर येत होती. २०२५च्या डिसेंबरात लेखकांनी निबंध मागे घेतला. हवामानबदल थोतांड आहे असं म्हणणाऱ्यांना आनंद झाला. पण २३ टक्के घट म्हणजे काय, हे त्यांनीही एकदा मोजून पाहावं. महामंदी दहाएक वर्षांत सरली. ही घट सरणारी नाही.

ब्रिटनने या कटकटीला कंटाळून २००९ साली हिशेबाची दिशाच उलटी केली. नुकसान किती होईल हे विचारायचं नाही. उत्सर्जन अमुक वर्षापर्यंत किती खाली आणायचं हे संसदेने ठरवलं आहे, तर ते गाठायला टनामागे किती खर्च येईल तेवढं काढायचं. २०२१च्या सरकारी कोष्टकात हा भाव २४० पौंडांच्या आसपास निघाला. उझबेकिस्तानची गरज नाही, तेविसाव्या शतकाची नाही. मात्र ध्येय बरोबर आहे की नाही, ते हा आकडा सांगत नाही.

भारताचं काय? आपल्याकडे असा सरकारमान्य आकडा नाही. जवळपास जाणारी गोष्ट एकच होती, कोळशावरचा उपकर. २०१०च्या अर्थसंकल्पात प्रणव मुखर्जींनी तो टनामागे ५० रुपये लावला. २०१६पर्यंत ४०० झाला. आपला कोळसा राखेचा. एक टन जाळला की साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे कार्बनच्या टनाला अडीचशे-पावणेतीनशे रुपये, तेव्हाच्या भावाने चार डॉलर. पुढे तो वस्तू व सेवा कराच्या भरपाई उपकरात विलीन झाला आणि २२ सप्टेंबर २०२५पासून गेलाच. बदल्यात कोळशावरचा कर पाचवरून अठरा टक्के झाला. हा कर किमतीवर आहे. हलका, राखेचा, स्वस्त कोळसा कमी कर भरतो. चांगला, महाग कोळसा जास्त. कार्बनशी त्याचा संबंध उरला नाही.

चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी कोळशावर एक युनिट वीज तयार होताना अंदाजे एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. डॉलर ८५ रुपयांना धरू. अमेरिकेच्या १९० डॉलरच्या भावाने त्या एका युनिटमागे १६ रुपयांचं नुकसान होतं, म्हणजे वीज तयार करायला येणाऱ्या खर्चाच्या कितीतरी पट. ५१ डॉलरने सव्वाचार रुपये. ट्रम्प यांच्या एक डॉलरने साडेआठ पैसे. लिटरभर पेट्रोल जाळलं की २.३ किलो निघतो. १९०च्या भावाने ३७ रुपये. उद्यापासून वीजबिलात सोळा रुपये चढवा असं कुणीही म्हणत नाही, म्हणूही नये. दरडोई दोन टनांच्या आसपास उत्सर्जन करणाऱ्या देशाने तेरा-चौदा टनवाल्यांच्या आधी हा भार उचलणं अन्यायाचं होईल. पण कर लावणं वेगळं आणि हिशेबात धरणं वेगळं. नवं केंद्र कोळशाचं बांधायचं की सौर आणि बॅटरीचं, रस्ता रुंद करायचा की रेल्वे दुपदरी करायची, हे ठरवताना कागदावर तो आकडा असण्याने ग्राहकाच्या खिशातून दमडी जात नाही.

अशी अप्रत्यक्ष देणीघेणी मोजण्याची परंपरा महाराष्ट्राला परकी नाही. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्याच्या गोखले संस्थेने गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचा अभ्यास करून १९४८ साली तो प्रसिद्ध केला. कालव्याने पाणीपट्टीत किती मिळवलं एवढ्यावर न थांबता त्याचे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष फायदे काय, हे गावोगाव पाहणी करून मांडलं होतं. कालव्याच्या लाभाला हा न्याय लावता येतो, तर धुराच्या तोट्याला का नको? पाटबंधारे खात्यात आजही लाभ-व्यय गुणोत्तराशिवाय प्रकल्प पुढे सरकत नाही. सर्वसाधारण भागात ते दीड लागतं, अवर्षणप्रवण भागात एक चालतं. दुष्काळी माणसाच्या पाण्याला वेगळं वजन द्यायचं, हे आपण नियमातच लिहून ठेवलं आहे. जर्मन संस्था करते ते यापेक्षा फारसं निराळं नाही.

जंगलाच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने आकडाच लावून दिला. वनजमीन दुसऱ्या कामाला वळवायची तर हेक्टरी ५.८० ते ९.२० लाख रुपये भरा, असं २००२ साली ठरलं. पुढे कांचन चोप्रा यांच्या समितीने लाकूड, चारा, पाणलोट, वन्यजीव यांच्याबरोबर साठलेल्या कार्बनचंही मोल काढण्याची रीत सुचवली आणि २००८ साली दर सुधारले गेले. दर कमी आहेत, खाणवाले ते हसत भरतात, हे खरं आहे. तरी उभ्या सागवानात साठलेल्या कार्बनला देशात भाव आहे. जळत्या कोळशातून सुटणाऱ्या कार्बनला नाही, ही विसंगती कुणाला तरी खटकायला हवी होती.

भारताने स्वतःचा आकडा काढावा तो याच कारणाने. येलमध्ये काढलेल्या आकड्यात विदर्भातला उष्माघात, कोकणात किनारा खाणारा समुद्र, मराठवाड्यातलं हुकलेलं पीक यांना सरासरीत चिमूटभर जागा मिळते. इथली मृत्यूनोंद, इथली पीकपाहणी, इथल्या कारखान्यांचे आकडे घेऊन काढलेला भाव चुकेल, पण तो इथल्या लोकांना तपासता येईल. वटाव किती धरला, कुणाचं नुकसान कोणत्या वजनाने मोजलं, हे पहिल्या पानावर छापावं. एकच आकडा न देता जर्मनांसारखे दोन द्यावेत. उझबेकिस्तानसारखी भानगड निघालीच तर ती आपल्याच विद्यापीठातल्या कुणीतरी काढावी. गोखले संस्था, मुंबईची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, आपली कृषी विद्यापीठं यांनी हे काम वाटून घेतलं तर माणसांची वानवा नाही.

तोपर्यंत श्रोत्यांना एक विनंती. मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण परवानगी देण्याआधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ जनसुनावणी घेतं, आणि प्रकल्पाच्या अहवालाचा मराठी सारांश लोकांना पाहायला ठेवावा लागतो. तुमच्या तालुक्यात अशी सुनावणी लागली तर जा. सारांश मागून घ्या आणि उभं राहून दोनच प्रश्न विचारा: वर्षाला किती टन सोडणार, आणि टनामागे किती रुपये धरलेत?